हॅस्केलांचा रिव्हॉल्व्हर आणि अस्वलाची काडतुसं

मी एक जुना सहाबारी रिव्हॉल्व्हर आहे. माझ्याकडे नळी एक, चक्र एक, चक्रात खाने सहा, स्प्रिंगा तीन, अक्रोडाच्या मुठीच्या फळ्या दोन आणि स्क्रू आठ. त्यांतला एक कालपरवापर्यंत ढिला होता. बाकी मी ठणठणीत आहे.

मित्रांनो, माझा जन्म १८८१ सालचा. तेव्हा काडतुसांत काळी दारू भरत. ती धुराचा लोट सोडते आणि गोळीला बेताचा रेटा देते. माझं लोखंड तेवढ्याच रेट्यासाठी घडवलेलं. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळावर मेंढ्या राखणाऱ्या एडना हॅस्केलबाईंच्या कमरेला मी कित्येक हिवाळे काढले. कोल्हे मला ओळखून होते. बाई पाचच खाने भरत. माझ्या घोड्याखालचा, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीखालचा खाना रिकामा; खोगिरावर चढताना धक्का बसला तरी पाय शाबूत! बाई गेल्या आणि मी शेकोटीवरच्या खिळ्याला लटकलो. पाहुणे वाहवा करत. तेल मात्र कुणी घालत नसे.

यंदा जत्रेतल्या नेमबाजीत पणजीच्याच हत्याराने बार उडवायचा, असं बाईंच्या पणतवाने, रॉयने ठरवलं. रॉय मेंढ्या कातरतो. उजव्या हातावर त्याचं घर चालतं. स्क्रू आवळायला तो मला त्याच्या मावशीकडे घेऊन गेला. इर्मामावशी बंदुका दुरुस्त करते.

"पटकन आवळ गं मावशी, आज नाव काढणार!"

"बार कशाने उडवणार? दाखव काडतुसं." मावशीने खोकं डोळ्यांजवळ धरलं. "अरे रताळ्या, ही तर अस्वलासाठीची, जबर रेट्याची!"

"खोक्यावर मापाचा आकडा तोच आहे की. आत सरकन जातंय."

"जायला काय, माझ्या लग्नाच्या झग्यात तूही शिरशील. मग श्वास घेऊन दाखव!"

"घाबरवू नकोस. फार तर काय होईल?"

"हे चक्र फुटेल. मग उद्यापासून मेंढ्या डाव्या हाताने कातर."

रॉयने खोकं खिशात टाकलं. "मग आता हा परत खिळ्यालाच?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू?"

मावशीने दिव्याखाली माझा प्रत्येक खाना तडा शोधत पाहिला. घोडा ताणून चक्र डुगडुगतं का, ते पाहिलं. नरम शिशाचा गोळा नळीतून ठोकत बाहेर काढला, तो मोजून नळीचं माप घेतलं आणि त्याच मापाच्या गोळ्या ओतल्या. काडतुसांत त्यांच्यामागे काळी दारू भरली. मग ढिला स्क्रू पिळून घट्ट केला, मला शिकंज्यात आवळलं, चापाला दोरी बांधली आणि भिंतीआडून ओढली. मी धडाडलो. मावशीने मला पुन्हा दिव्याखाली धरलं. कुठेही तडा नव्हता.

"म्हातारा पक्का आहे," ती म्हणाली. "चष्मा घाल, कान झाक, मग जा."

मित्रांनो, मी म्हातारा आहे, दुबळा नाही. पण माझी ताकद माझ्या काळाची आहे. जुन्या हत्याराला नवं काडतूस बसलं म्हणजे सोसलंच, असं समजू नका. आधी जाणकाराला दाखवा. आणि मुलांनो, माझ्यासारखा कुठे सापडला, तर हात लावू नका. मोठ्यांना हाक मारा.

त्या दुपारी रॉयने पंधरा यार्डांवरून पाच बार उडवले. कागदावर पाच छिद्रं पडली. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर सव्वादोन इंच, म्हणजे पाचही एका तळहाताखाली झाकतील एवढंच.