वाळूत बुडालेला त्रिशूळ

दिवाळीच्या सुमाराला डहाणूच्या किनाऱ्यावर एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. तलासरीहून टेम्पो भरभरून माणसं आली होती. मधोमध वाळूतून एका त्रिशुळाची नुसती तीन टोकं वर दिसत होती, आणि शेजारी भगवी लुंगी सावरत दरियाबाबा ओरडत होता.

"गणपती गेले तेव्हा हा त्रिशूळ माझ्या कमरेएवढा होता! कोणी पाहिला?"

"आम्ही पाहिला!"

"मी दरियाला बोललो, चल, पाछो जा! जमीन सोड! सोडली की नाय? बांधा घरं! बोलो दरियादेव की..."

"जय!"

मला हसू आलं. मी शाळेत भूगोल शिकवते. 'सागरी लाटांचे कार्य' हा धडा वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलाय. चार गुणांचा प्रश्न हमखास येतो.

त्या गर्दीत माझ्या वर्गातल्या प्रगतीचे आईबाप होते. भिका आणि गंगी मूळचे डोंगराकडच्या झरी गावचे, चिकूच्या वाडीत मजुरीला आलेले. राहायचे मालकाच्या शेडमध्ये. आपली म्हणावी अशी जागा हवी, एवढंच भिकाचं म्हणणं. मी त्याला थट्टेनंच म्हटलं, "भिका, समुद्राच्या दारात घर बांधतोस होय रे?"

"बाई, मी तांदूळ ठेवून पाहिला. सकाळी एक दाणा नाय हालला."

झरीकडे घर बांधण्याआधी जागेवर तांदळाचे दाणे मांडून ठेवतात. सकाळी ते जागचे हलले नसले, तर जागा मानवली. डोंगरात ही परीक्षा ठीक असेल. पण हिवाळ्यातला समुद्र शांत असतो. एका रात्रीत तो दाणा कशाला हलवेल? हे मला तिथेच, वाळूत बसून समजावून सांगता आलं असतं. मला वह्या तपासायच्या होत्या. मी घरी गेले.

भिकानं कुडाचं घर उभारलं. बाबानं कोंबडं घेऊन उंबऱ्याखाली पुरायला एक काळा नारळ दिला. दरिया चढला तर घरधन्यानं उंबरा सोडायचा नाही, अशी अट घातली.

जूनमध्ये अमावस्येची भरती आणि वारा एकाच दुपारी आला. गंगीनं पोरांना ओढत सुरूच्या झाडांपर्यंत नेलं. तिथून ती हाका मारत राहिली. भिका उंबऱ्यावर उभा होता. कमरेएवढं पाणी झालं तरी त्यानं उंबरा सोडला नाही. तिसऱ्या दिवशी तो सापडला. घराचं कूडही राहिलं नाही. खालचा काळा खडक उघडा पडला होता.

बाबा लाजून पळून गेला असेल, असं वाटलं होतं. कसलं काय! गणपतीनंतर तो पुन्हा उगवला, जरा उत्तरेला नवा त्रिशूळ रोवून बसला. भिकाचं विचारलं तर म्हणे, "त्याने व्रत मोडला. पाळायच्या दिवशी मासळी खाल्ली." गंगीला बाजारात बायका तेच विचारू लागल्या. मेलेल्या माणसाच्या माथी हेही!

त्याच आठवड्यात प्रगतीनं आणि मी कोसभर लांब, जिथे बाबाचं पाऊलही पडलं नव्हतं, तिथे खाचा पाडलेला बांबू खडकाच्या फटीत ठोकला. वाळूच्या वर किती खाचा उरल्या, ते ती दर रविवारी मोजायची.

दिवाळीला पुन्हा जयजयकार सुरू झाला. मी गर्दीत शिरले. "चला माझ्याबरोबर. कोसभर चालायचंय."

गणपतीनंतर बांबूच्या सगळ्या खाचा उघड्या होत्या; आता फक्त वरची एक दिसत होती.

"इथे कुठला बाबा आला होता?" मी विचारलं. "पावसाळ्यात लाटा दांडग्या असतात. किनाऱ्याची रेती ओढून आत नेतात. पाऊस सरला की लाटा मऊ होतात, तीच रेती हळूहळू परत आणून टाकतात. दर वर्षी. बाबा त्रिशूळ रोवतो किनारा सगळ्यात खाली गेलेला असतो तेव्हा. पुढचं काम समुद्रच करतो. आणि जूनमध्ये सगळं परत नेतो."

"आणि माझ्या बापानं मासळी नव्हती खाल्ली," प्रगती म्हणाली. "त्यानं उंबरा पण नाय सोडला."

परत गेलो तेव्हा बाबा नव्हता, नुसती टोकं होती. दोघातिघांनी मिळून त्रिशूळ खणून काढला.

गंगी माझ्याजवळ आली. मला वाटलं, हात धरेल.

"बाई, ह्या तुमाला मागल्या वर्षी ठाव होता?"

"हो."

"मग तवा का नाय बोलल्या?"

तिच्या त्या प्रश्नामुळे हे लिहिते आहे. कुणी चमत्कार दाखवला, तर तो माणूस नाही अशा ठिकाणीही तेच घडतंय का, ते जाऊन बघा. आणि तुम्हाला कारण ठाऊक असेल, तर हसून घरी जाऊ नका. तिथेच बसा आणि समजेपर्यंत सांगा. भिका छत्तीस वर्षांचा होता. त्यानं विचारलं असतं, आणि ऐकलंही असतं.