तळघरातली शेवटची कॅसेट

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एका बेकरीच्या तळघरात बसला आहात. दुपारची वेळ आहे. वरची भट्टी नुकतीच विझली आहे, पण छत अजून कोमट आहे. भिंतीला लागून मैद्याची पोती थेट वरपर्यंत रचली आहेत. तुमच्या हातात आईचा फोन आहे, आणि तुम्हाला एकच काम दिलं आहे: गप्प बसायचं.

आपल्या गोष्टीतल्या मुलीलाही हेच काम होतं. तिला सगळे भिंगरी म्हणत. म्हणजे ते काम तिला किती अवघड गेलं असेल बघा!

या तळघरात एके काळी एक बँड वाजायचा. बेकरीवाले काका गिटारवर, भिंगरीची आत्या ड्रमवर, आणि गायला मामा. कापणीची, पाळण्याची जुनी गाणी ते इलेक्ट्रिक गिटारवर दणदणीत वाजवत. गावातल्या मोठ्या माणसांना तो नुसता धिंगाणा वाटे, म्हणून सगळं चोरून चालायचं. आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून ही पोत्यांची भिंत. फलक नाही, तिकीट नाही. या कानाचं त्या कानाला कळायचं आणि तळघरात पाय ठेवायला जागा उरायची नाही. भिंगरीचे आईबाबा पहिल्यांदा भेटले तेही इथेच. दोघंही आपापल्या भावंडाला ओढून घरी न्यायला आले होते.

बँडकडे कॅसेट एकच होती. तिच्यावर गाणं भरायचं, ऐकायचं, चुकांवरून कडाकडा भांडायचं आणि पुढच्या खेपेला त्याच्यावरच नवं भरायचं. जुनं आपोआप पुसलं जाई.

"पाटीच होती ती आमची," काका सांगत.

मग मामाच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून तो कुजबुजल्यासारखं बोलतो. पाटीवर शेवटचं जे राहून गेलं, तेवढाच त्याचा आवाज जगात उरला. भिंगरीने तो कधी ऐकला नव्हता, कारण मामा कुणाला ऐकूच देत नसे. आज कुठे तो तयार झाला होता.

"एकदाच," मामा कुजबुजला. "पुन्हा मला इथे बसवू नका."

"एकदाच," काका म्हणाले. त्यांनी जुना टेप खटपट करून चालू केला होता. "भिंगरे, तू फोनवर भरून घे. मध्ये शिंकलीस तरी ते कायमचं राहील बरं का! आधी थोडी नुसती खरखर येईल, मग गाणं."

"आणि टेपला हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "फार जुना आहे तो."

भिंगरीने मान हलवली आणि फोनवर बोट टेकवलं. पडद्यावर लाल ठिपका लागला. आत्याने टेपची बटणं दाबली, टेबलावर बोटाने चार ठोके दिले, जसे ती पूर्वी देत असे, आणि डोळे मिटले. काकांनीही मिटले. मामा जमिनीकडे बघत राहिला.

कॅसेट फिरू लागली. खरखर मात्र येईना.

भिंगरीने कान टवकारले. काहीच नाही. तिने टेपकडे पाहिलं. तिथेही एक लाल ठिपका पेटला होता, अगदी फोनवरच्यासारखा.

फोनवर लाल म्हणजे आवाज भरला जातोय. मग टेपवर? की टेपचा लाल दिवा नुसताच चालू असल्याचा? ओरडावं आणि आपलंच चुकलेलं असलं तर? मामा उठून जाईल, परत येणार नाही. गप्प बसावं, तर...

कॅसेट फिरतच होती.

"थांबा!" भिंगरी ओरडली आणि झेप घेऊन तिने दिसेल ते बटण दाबलं. खट्ट! ठिपका विझला.

"अगं ए!" आत्या खेकसली. "हात लावू नको म्हटलं होतं ना!"

"लाल दिवा लागला होता, आत्या! लाल!"

आत्याने टेपकडे पाहिलं, मग आपल्या दोन बोटांकडे. इतकी वर्षं त्या बोटांना एकच सवय होती: गाणं भरायला दोन बटणं एकदम दाबायची, चार ठोके द्यायचे, वाजवायला लागायचं. आजही त्यांनी तेच केलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"मी पुसलं," ती म्हणाली. "मीच पुसलं रे त्याला."

मामाने स्वतः कॅसेट मागे नेली आणि या वेळी एकच बटण दाबलं.

चार ठोके ऐकू आले. मग कुणाचा तरी श्वास, खुर्चीची करकर. मग खूप वेळ काहीच नाही. आत्याने पदर तोंडाशी धरला. मग कर्कश "थांबा!" आणि लगेच, अर्ध्या शब्दातून, एक भरदार, मोकळा आवाज उसळून वर आला.

पहिली ओळ गेली होती. बाकीचं सगळं होतं.

गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही. भिंगरी मामाच्या तोंडाकडे पाहत होती. त्याचे ओठ हलत होते.

"घ्या," काका डोळे पुसत म्हणाले, "तुझ्या आधी हिचा आवाज! आल्या आल्या सगळ्यांच्या पुढे."

मामा हसला. त्याने कॅसेट काढून भिंगरीला तिच्या कडेची एक खाच दाखवली. खाचेवर चिकटपट्टी होती.

"ही आम्ही लावली होती," तो कुजबुजला. "ही आहे म्हणून त्यावर पुन्हा भरता येतं. नसेल तर भरायचं बटण दबतच नाही."

भिंगरीने नखाने पट्टीचा कोपरा उचलला, सर्रकन ओढून काढली आणि आत्याच्या बोटावर चिकटवून म्हणाली, "आता दाब."