फांद्यांची आबार्का

"आबार्का हा शब्द आला 'आबार'वरून. आबार म्हणजे फांदी! आपले पूर्वज पायात फांद्या विणून घालायचे," आंचोनने जेवण-मंडळाच्या, म्हणजे मिळून रांधणाऱ्या-जेवणाऱ्या गावच्या दोस्तांच्या, टेबलावर मूठ आपटली.

"पूर्वज काय बोकड होते?" बेन्यात खिदळला. "आबार्का म्हणजे चामड्याचं पायताण, लेका. फांद्या घालून कोण चालेल?"

"मी चालतो!"

पंडितांचं यावर एकमत नाही. पण बास्क माणसाला पंडित हवेत कशाला? पैज लावली की झालं. आंचोनने हेझलच्या झुडपाच्या फांद्यांची आबार्का घालून डोंगरावरच्या देवळापर्यंत चढायचं. पोचला तर त्याचं म्हणणं खरं. वाटेत आबार्का तुटली, तर दरवर्षी आंचोन रांधतो तो सणाचा कॉड मासा यंदा बेन्यात शिजवणार.

गंमत अशी, की आंचोनला हरायचंच होतं. हिवाळ्यातल्या तापाने त्याची चव गेली होती. मीठ काय नि रेती काय, जिभेला सगळं सारखंच. अख्ख्या गावाचं जेवण आता रांधायचं कसं? आणि मंडळाच्या पट्टीच्या आचाऱ्याने हे सांगायचं तरी कुणाला? म्हणून पठ्ठ्याने वीण मुद्दाम सैल ठेवली.

पण वाटेत चिकणमाती लागली. ती विणीत भरली नि आबार्का पायाला अशी बसली, की हलायचं नाव नाही. आंचोनने धोंड्यावर लाथ मारली. अंगठा सुजला, फांदी शाबूत. मुळांत पाय अडकवून हिसडला. काही नाही! मागून गाव ओरडत होतं, "शाब्बास, आंचोन!" आणि त्याला घाम फुटला होता.

शेवटी पोचला. गावाने टोप्या उडवल्या. बेन्यातने मात्र त्याला भिंतीमागे ओढलं.

"स्वतःचीच आबार्का तोडायला निघालेला पैजवाला आज पहिल्यांदा बघितला. चव गेलीय ना तुझी?"

आंचोन आबार्कातली माती खरवडू लागला.

"गेल्या महिन्यात तू केलेलं जेवलो नि रात्रभर पाणी पीत होतो. सगळेच. मंडळात प्रत्येकाला माहितीय, गाढवा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. तू तर डोंगर चढलास!"

आंचोन मटकन खाली बसला.

"कॉडचं भांडं आचेवर तूच हलव," बेन्यात शेजारी टेकला. "तो हात मला या जन्मी जमायचा नाही. मीठ मी बघतो."

"आणि खारट झालं तर?"

"माझं नाव सांग."

"ते मी तसंही सांगणारच होतो," आंचोन म्हणाला आणि सुजलेला अंगठा धरून पोट दुखेस्तोवर हसला.