खैरू पळाला

ईश्वरीने माइकचा स्टँड दोन्ही हातांनी उचलला आणि त्याचा लोखंडी तळ समोरच्या माणसाच्या तोंडावर घातला.

तो स्टेजवर उकिडवा बसून वायरींचा गुंता सोडवत होता. घाव बसला तसा मागच्या स्पीकरवर आदळला आणि घसरत खाली आला. डावी भुवई फाटली होती. रक्त डोळ्यावरून, गालावरून, साउंड कंपनीच्या पिवळ्या टी-शर्टवर उतरलं. ईश्वरीने स्टँड पुन्हा उगारला. त्याने हात आडवा धरला नाही, नुसतं वर पाहिलं. उजवा डोळा स्टँडबरोबर वर गेला. डावा जिथल्या तिथे राहिला. तो काचेचा होता.

तिचे हात हवेतच थांबले.

अर्ध्या मिनिटापूर्वी तो एवढंच म्हणाला होता, "ईश्वरीताई, मी खैरुद्दीन. निखिलचा खैरू."

पडद्यामागून त्याचा सुपरवायझर धावत आला.

"क्या हुआ? किसने मारा?"

"किसी ने नहीं, सर," खैरुद्दीन भुवई दाबून धरत म्हणाला. "स्टँड गिर गया मेरे ऊपर."

सुपरवायझरने ईश्वरीच्या हातातल्या स्टँडकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बर्फ आणायला निघून गेला.

अवनीने तिला दंडाला धरून मेकअपच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. हा कार्यक्रम अवनीने ठरवला होता. शारजात वाढलेली, अजून अल मजाजमध्ये आईवडिलांबरोबर राहणारी मुलगी. दुबईच्या अल कुसैसमधलं हे जुनं गोदाम भाड्याने घेऊन, दोन महिने खपून तिने इंग्लंडहून ईश्वरीला बोलावलं होतं.

"तो कोण आहे ते मला नकोच सांगू," अवनी हळू आवाजात म्हणाली. "पण हे इंग्लंड नाहीये. इथे त्याने पोलिसांना नुसता एक फोन केला ना, तर तुझा पासपोर्ट जमा होईल. शो, फ्लाइट, सगळं खलास. आत्ता तो गप्प आहे. पुढेही गप्प राहील एवढं बघ. जवळच क्लिनिक आहे, मी गाडी काढते. तू त्याच्याबरोबर मागे बसायचंस."

"मी त्याच्या शेजारी बसणार नाही."

"मग मी सहाशे लोकांना घरी पाठवते. यल्ला, लवकर ठरव."

ईश्वरी गाडीत बसली. बाहेर दुपारचं ऊन गोदामांच्या पत्र्यांवर तापलं होतं. खैरुद्दीनने भुवईवर धरलेला टॉवेल लाल होत गेला, आणि ती सबंध रस्ताभर काचेतून बाहेर पाहत राहिली.

निखिल तिचा धाकटा भाऊ. लूटनमधल्या त्यांच्या इमारतीच्या जिन्यात, नऊ वर्षांपूर्वी, दोन मुलांनी त्याला सुऱ्याने भोसकलं. कुरापत जुनी होती. कधी जॅकेटवरून, कधी कुणाच्या बहिणीबद्दल कुणी काढलेल्या शब्दावरून. कोर्टात कारणं बदलत राहिली. घाव सात, ते काही बदलले नाहीत. निखिल चौथ्या मजल्यावरच्या घराकडे हातांवर सरपटत निघाला होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर संपला. सतरा वर्षांचा होता. पायऱ्या धुवायला नगरपालिकेची माणसं तिसऱ्या दिवशी आली. तोवर आई कामावरून येताना भिंतीला पाठ लावून, आडवी चढत होती.

त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर खैरू होता. मूळचे रत्नागिरीकडचे ते लोक, तळमजल्यावर राहायचे. खैरू निखिलच्या वर्गात. ईश्वरीची आई थालीपिठं लावायची तेव्हा एक त्याच्या नावाचं असायचं. त्या दिवशी त्याला साधा ओरखडाही आला नव्हता. कोर्टात वकिलाने विचारलं, मग तू काय केलंस? खैरू म्हणाला, "आय रॅन." आणखी काही सांगायचं आहे? नाही, म्हणाला. ईश्वरी तेव्हा वर घरातच होती. आपण झोपलो होतो असं तिने पोलिसांना सांगितलं होतं.

ते दोन शब्द घेऊन ती कोर्टातून घरी आली. रॅप ती आधीपासूनच करायची. कपड्यांच्या कपाटात, लोंबत्या कोटांच्या मधे बसून, कानाला हेडफोन लावून रेकॉर्ड करायची. कोटांमुळे रस्त्याचा आवाज आत येत नसे. त्याच कपाटात तिने 'जिना' केलं. मारणाऱ्यांची नावं त्यात नव्हती. ती अल्पवयीन मुलं होती, त्यांची नावं घ्यायला कोर्टाची मनाई होती. नाव एकच होतं, प्रत्येक कडव्याच्या शेवटी. खैरू रॅन. खैरू पळाला.

ते गाणं आठवडाभरात सगळ्या इंग्लंडच्या कानात गेलं. दोन मोठ्या कंपन्या करार घेऊन आल्या. एकीने अट घातली, ते नाव तेवढं काढ. ईश्वरीने दोघींनाही परत पाठवलं आणि पुन्हा कुणाच्या दाराशी गेली नाही. गाणी स्वतः नेटवर चढवायची, कार्यक्रम स्वतः ठरवायची. टी-शर्टांची पार्सलं आईबरोबर जेवणाच्या टेबलावर बांधायची. ब्रिस्टल, लीड्स, ग्लासगो, भाड्याची व्हॅन, मागच्या सीटवर झोप. आणि कुठल्याही गावात 'जिना' सुरू झालं की कडव्याच्या शेवटी तिला तोंड उघडावं लागत नसे. ते दोन शब्द लोकच म्हणत.

क्लिनिक एका कॅफेटेरियाच्या वर होतं. परिचारिकेने भुवईला भुलीचं इंजेक्शन दिलं आणि डॉक्टरला बोलवायला गेली. अवनी खाली गाडी लावायला जागा शोधत होती. खोलीत दोघंच राहिली.

"डोळ्याला काय झालं?" ईश्वरीने विचारलं. विचारायचं तिने ठरवलं नव्हतं.

"जुनं आहे."

"काय झालं?"

"तुझं गाणं आलं ना, त्या हिवाळ्यात. चिप्सच्या दुकानाबाहेर तिघांनी धरलं. पाडलं आणि लाथा घातल्या. तालात घालत होते, तोंडाने म्हणत होते ना. खैरू रॅन, खैरू रॅन. 'रॅन'वर लाथ. मी आपला पुढची कधी येणार ते मोजत होतो. मग एकाने बाटली फोडली." त्याने टॉवेलची घडी उलटली आणि कोरडी बाजू कपाळाला लावली. "अब्बांनी इकडे मामूकडे पाठवलं. बरं आहे इथे. नाव सांगितलं तर नुसतं नाव असतं."

"आणि मी आता सॉरी म्हणू?"

"नको."

"तो हातांवर चढत होता, खैरू. सात घाव घेऊन चढत होता, आणि तू पळालास. कोर्टात तू स्वतः म्हणालास. एकदा मागे वळून पाहिलं असतंस तर..."

"मी खाली नाही पळालो, ताई."

डॉक्टर आत आला. त्याने दिवा ओढला, सुईत दोरा घेतला आणि पहिला टाका घातला. कातडी सुईबरोबर वर उचलली गेली. ईश्वरीने नजर हलवली नाही.

"वर पळालो," खैरुद्दीन म्हणाला. "फोन त्यांनी हिसकावला होता. निखिलच म्हणाला, ताईला बोलव. तुमच्या दारावर दोन्ही हातांनी मारलं. शेजारच्यांचं वाजवलं. तुला ठाऊक आहे, आपल्या त्या जिन्यात संध्याकाळी दार कोण उघडणार? परत खाली आलो तर तो वळणावर पोचलेला. माझ्याकडे बघत होता. तोंडातून बुडबुडे येत होते, लाल. ते थांबले. मग मी मागच्या दाराने रस्त्यावर गेलो, कुणी फोन करतं का बघायला."

"डोंट टॉक, प्लीज," डॉक्टर म्हणाला.

"हे कोर्टात का नाही सांगितलंस?"

दुसरा टाका. तिसरा. खैरुद्दीनने श्वास सोडला.

"तू झोपली होतीस ना, ताई," तो म्हणाला. "झोपेत माणसाला काय ऐकू येतं?"

किती सहज म्हणाला. जणू ते वाक्य घडी घालून जवळ ठेवलं होतं.

ईश्वरी ट्रेमधल्या कापसाकडे बघत बसली. त्या संध्याकाळी ती कपाटात होती. कोटांच्या मधे, हेडफोन लावून. एका ओळीत श्वास कमी पडत होता म्हणून तीच ओळ दहाव्यांदा, अकराव्यांदा करत होती. हेडफोन काढले तेव्हा खाली सायरन वाजत होता. झोपले होते, असं ती आधी पोलिसाला म्हणाली, मग आईला. इतक्या जणांना म्हणाली की पुढेपुढे तिला त्या संध्याकाळची उशीही आठवायला लागली होती.

साडेसहाला कार्यक्रम सुरू झाला. सुपरवायझरने खैरुद्दीनला घरी जायला सांगितलं होतं, पण तो डोक्याला पट्टी बांधून आपल्या जागेवर येऊन बसला. स्टेजच्या कडेला, छोट्या मिक्सरवर. ईश्वरीच्या कानातल्या इअरफोनमध्ये तिचा आवाज सोडायचं आणि मागचं संगीत चालू-बंद करायचं काम त्याचं होतं.

'जिना' चौथं होतं. वगळता आलं असतं, पण पहिल्या ठोक्यालाच लोक ओरडले, आणि ती सुरू झाली. पहिलं कडवं संपलं. शेवटच्या दोन शब्दांना ती गप्प राहिली, नेहमीसारखीच. सहाशे तोंडांनी ते म्हटले. पुढच्या रांगेतली पोरं 'रॅन'वर पाय आपटत होती. लाकडी स्टेज तिच्या बुटांखाली हादरलं. एकाने मूठ वळून हवेत हाणली. तिने ती मूठ पाहिली. खैरुद्दीन मिक्सरच्या दिव्यांवर नजर ठेवून होता आणि त्याचा अंगठा बटणावर स्थिर होता. दुसरं कडवं. पुन्हा तेच, पुन्हा सगळे पाय एकदम.

तिसऱ्याच्या अर्ध्यात तिने हात वर केला. खैरुद्दीनने संगीत बंद केलं.

"मी झोपले नव्हते," ती माइकमध्ये मराठीत म्हणाली.

मग पुढच्या रांगेतल्या कुणालातरी ही नवी ओळ वाटली. त्याने ती तोडक्यामोडक्या उच्चारात परत म्हटली. त्याच्या मागच्यांनी उचलली, मग सबंध हॉलने. मी झोपले नव्हते. मी झोपले नव्हते. शेवटच्या शब्दावर पाय. सहाशेतल्या पाचपन्नास जणांनाही अर्थ कळला नसेल. विंगेत अवनीने तोंडावर हात ठेवला. ईश्वरी माइक खाली धरून उभी राहिली आणि त्यांचं संपेपर्यंत हलली नाही. मग तिने पाठ फिरवली आणि आत निघून गेली. राहिलेली तीन गाणी झाली नाहीत.

लोक बराच वेळ ओरडत राहिले, मग पांगले. हॉलमधले मोठे दिवे लागले. अवनी फाटकाशी लोकांची समजूत काढत होती. खैरुद्दीन कोपर आणि पंजा यांच्यावर वायर गुंडाळत स्टेजभर फिरत होता. पट्टीवर नाण्याएवढा लाल डाग उमटला होता. ईश्वरी येऊन स्टेजच्या कडेला बसली.

"कपाटात होते मी," ती म्हणाली. "हेडफोन होते कानाला."

"ठाऊक आहे."

"कसं ठाऊक?"

"दाराला कान लावला होता ना मी. तुझा आवाज येत होता बाहेर. एकच ओळ, परत परत."

ईश्वरीने त्याच्याकडे मान वळवली.

"मग कोर्टात?"

"कोर्टात तुझी आई माझ्यासमोर बसली होती."

"आणि ते तिघं मारत होते तेव्हा? तेव्हाही आईच?"

खैरुद्दीन थांबला. वायरचं वेटोळं त्याने हातातून काढून खांद्यावर टाकलं.

"नाही," तो म्हणाला. "तेव्हा सांगितलं. मी काय एवढ्या मोठ्या मनाचा नाही, ताई. ओरडून सांगितलं, ती घरात होती, विचारा तिला, ती घरात होती. म्हणून तर बाटली फोडली त्यांनी. म्हणाले, मेलेल्याच्या बहिणीवर आळ घालतोस?"

बाहेर अवनीने दोनदा हॉर्न वाजवला. ईश्वरी उठली नाही. खैरुद्दीन वाकला, खाली पडलेली दुसरी वायर त्याने हातात घेतली आणि ओढली. ती आली नाही.

"सरक जरा," तो म्हणाला. "वायरवर बसली आहेस."