औषधाचा कोळसा

वाडीच्या वरल्या अंगाला गोळ्या-औषधांचे कारखाने आले, तेव्हा योगिनी शाळेत होती. कारखान्यांचं सांडपाणी नाल्यात यायचं, नाला विहिरीत पाझरायचा आणि विहिरीचं पाणी सगळ्या वाडीच्या पोटात जायचं. तिच्या बापाला, कारभारीला, मेंढरांमागं हिंडताना पायाला काच लागली. जखम साधीच, पण चिघळत गुडघ्यापर्यंत चढली. शहरातल्या डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली, एकही लागू पडलं नाही. पाण्यातून रोज थोडं थोडं औषध मिळालं की जंतू त्याला सरावतात, असं ते म्हणाले. बाप गेला.

पोरीनं जिद्दीनं विद्यापीठ गाठलं आणि पाण्यातलं औषध काढायचं कामच हाती घेतलं. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कोळसा पिंपात भरायचा, पाणी त्यातून गाळायचं. औषध कोळशाला चिकटून राही. विहिरीवर पिंप बसलं, तपासणीत पाणी स्वच्छ निघालं, त्या दिवशी ती प्रयोगशाळेतच रडली. माय तरी आता वाचेल, एवढंच तिच्या मनात होतं. मायला, म्हाळसाबाईला, साखरेचं दुखणं होतं; जखम झाली की लवकर भरत नसे.

कोळसा अधूनमधून बदलावा लागे. जुन्या कोळशात औषध भरलेलं असतं, तो गोणीत ठेवा, मी घेऊन जाईन, असं तिनं बायांना बजावलं. विष हा शब्द मात्र टाळला. लोक बिथरले तर पिंपाचं पाणीच पिणार नाहीत. शिकलेली माणसं शब्द तोलून बोलतात आणि नेमका कामाचा शब्द गिळून बसतात.

प्रबंधाच्या धांदलीत तिला वाडीला यायला उन्हाळा उजाडला. गोण्या रिकाम्या होत्या. माय हसत सामोरी आली, तिचे दात काळेकुट्ट. कोळसा कुटून तिनं दात घासायला राखुंडी केली होती, घरोघर वाटलीही होती. शेजारच्या भागूबाईनं तर शेळ्यांच्या दुखऱ्या खुरांना लावली होती. हे कुणी सांगितलं, एवढंच योगिनीनं विचारलं.

"तूच की. कोळशात औषध भरलंय म्हनली व्हतीस. डाक्टरचं औषध लई महाग, अन् हितं गोण्या भरून पडलेलं. वाया कशाला घालायचं?"

मग मायनं लुगडं जरा वर घेतलं. घोट्यावर जखम होती, काळ्या भुकटीनं गच्च भरलेली. वर नडगीपर्यंत लाली चढली होती.

योगिनीनं तिला त्याच दिवशी शहरात दवाखान्यात भरती केलं. जखमेतल्या जंतूंचा तपास झाला. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि योगिनीच्या हातात दिला. एकही औषध चालणार नव्हतं. विहिरीचं पाणी आधीपासून मुरत होतंच. वर हा कोळसा, थोडं थोडं औषध थेट जखमेतल्या जंतूंना पाजणारा. आपल्या हातानं आपण मायच्या जखमेत विष भरलं, असं तिला वाटलं आणि ते काही केल्या मनातून जाईना.

तिचा पडलेला चेहरा बघून म्हाळसाबाईनं तिचा हात धरला.

"ह्या डाक्टरांच्यानं नाय व्हायचं, बाई. मला घरी ने, तुझा कोळसा लाव. तुझ्या हातचं हाय, गुण येईल."

खरं सांगायची हिंमत तिला झाली नाही. ती व्हय म्हणाली.