पंचमीला येते म्हणालेली लेक

राहू गावच्या म्हाळसाबाईला तीन मुलगे झाले, मुलगी एकही नाही. नागपंचमीला गावातल्या लेकी माहेरी येऊन झोके घ्यायच्या, तेव्हा ही बाई दार लोटून आत बसायची. मग साठीत देवानं आयती लेक दिली म्हटल्यावर ती हुरळून गेली, तर त्यात तिचं काय चुकलं?

लेक परदेशातली. नाव क्लारा. गेल्या हिवाळ्यात पाठीवर भलंथोरलं बोचकं घेऊन ती बिरोबाच्या देवळापाशी बसली होती. म्हाळसाबाईची सून रुपाली तिच्याशी इंग्रजीत बोलली आणि तिला घरी घेऊन आली. दारातच क्लारानं वाकून म्हाळसाबाईचे पाय धरले. "आई, तुमच्या हातची भाकरी खायची आहे," असं तुटक मराठीत म्हणाली. बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पोरगी चांगली आठवडाभर राहिली. निघताना म्हाळसाबाईनं तिची ओटी भरली आणि पेटीच्या तळातलं स्वतःच्या लग्नाचं लुगडं तिला दिलं.

"पंचमीला येते, आई," क्लारा म्हणाली.

ओटी भरून धाडलेली लेक येणारच, यात म्हाळसाबाईला शंका नव्हती. पंचमी जवळ आली तशी तिनं गावभर सांगितलं. लिंबाला झोका बांधून घेतला, हिरव्या बांगड्या आणल्या. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, ते तिला दिसलं नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी देवळापाशी गोरी माणसं आल्याचं कळलं. म्हाळसाबाई पिठाच्या हातानं धावली. क्लारा नव्हती, दुसरंच एक तरुण जोडपं होतं. बाईला पाहताच त्यातला मुलगा वाकला, पाय धरले आणि म्हणाला, "आई, तुमच्या हातची भाकरी खायची आहे."

तेच शब्द, तसंच वाकणं. म्हाळसाबाईनं पाय मागं घेतले.

तरी ती त्यांना घरी घेऊन आली. "क्लारानं धाडलं व्हय तुमास्नी? ती कवा येनार?" तिनं विचारलं. क्लाराचं नाव ऐकून पोरगा खूश झाला. त्यानं मोबाईल काढून व्हिडिओ लावला. पडद्यावर क्लारा हसत बोलत होती.

"काय म्हन्ती माजी लेक?"

रुपाली चुलीकडे वळली. "काय न्हाई आत्या, आपल्या गावाचं कौतुक करतीया."

थोरला रविराज, रुपालीचा नवरा, कुरकुंभच्या कंपनीत साहेबांशी रोज इंग्रजी बोलणारा. ऐकता ऐकता त्यानं बायकोकडे पाहिलं.

"सांग की रं," म्हाळसाबाई म्हणाली.

"आई, स्वस्तात देश कसा फिरायचा, त्याचं सांगणं हाय ते. हाटेल शोधू नका, दिवस मावळताना देवळापाशी बसा. पहिला चहा नको म्हणा, दुसरा घ्या. घरातल्या म्हाताऱ्या बाईचे पाय धरा, आई म्हणा." तो अडखळला. "त्या बाईला लेक नसंल, तर सणाला येते म्हणा. मग ती कायबी कमी पडू देत न्हाई. यायची गरज न्हाई, तवर तुम्ही दुसऱ्या देशात असता."

"आन्?"

"हे आई म्हणायचं, सणाला येते म्हणायचं शिकवलं म्हणून मैत्रीण रुपालीचे आभार मानलेत."

म्हाळसाबाईनं चुलीपाशी उभ्या सुनेकडे पाहिलं. क्लारा परकी होती, तिचं काय घेऊन बसायचं! पण रुपाली तिच्या सख्ख्या भावाची मुलगी. लेक नाही म्हणून तिनं हट्टानं ती सून करून आणली होती. लेक नसल्याचं दुःख या घरात तिनं एकाच माणसापाशी बोलून दाखवलं होतं.

"देवळापासनं येताना तिनंच इचारलं, सासूला काय आवडतं. त्यांना लेक न्हाई, आई म्हण, पंचमीला येते म्हण, असं म्या आपलं गमतीनं सांगितलं," रुपाली रडकुंडीला आली. "व्हिडिओत नाव घेते म्हणाली, म्हणून हरखले मी. आत्या, चुकलं माझं."

म्हाळसाबाईनं हात धुतले. पाहुणे उपाशी होते. तिनं भाकऱ्या थापल्या, दोघांना पोटभर वाढलं, पण कुणाच्या डोक्यावरून हात फिरवला नाही.

जेवणं उरकल्यावर रुपाली ताट घेऊन आली. "आत्या, दोन घास खावा."

म्हाळसाबाईनं ताट घेतलं.

"आजपास्नं सासूबाई म्हनायचं मला," ती म्हणाली आणि जेवायला बसली.