दगडावरची मोकळी जागा

युद्धानंतर सरकारने कर्ज मागितलं आणि आमच्या वारुंगा गावाने ठरल्याच्या दुप्पट दिलं, म्हणून राजधानीतून कौतुकाची पितळी पाटी आली. आली तर आली! पण नगराध्यक्ष हॅडो ती लावायला निघाला कुठे, तर युद्धात मेलेल्यांच्या स्मारकावर. अकरा नावांखाली वीतभर जागा मोकळी आहे ना, तिथे.

ती जागा माझ्या लेसची. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं तेव्हापासून माझा मुलगा बेपत्ता आहे. लढाई संपून दोन वर्षं झाली. 'मृत समजावे' असं सैन्याचं पत्रही आलं. समजा तुम्ही! मी नाही समजणार. नाव कोरायला पाथरवट विल्फ दोनदा आला, दोनदा मी त्याला हाकललं.

पाटी बसवायच्या दिवशी मी दगडाला पाठ लावून उभी राहिले. हॅडो डोक्यावर टोपी, गळ्यात पदाची साखळी घालून आला, मागे विल्फ.

"मर्टलबाई, बाजूला व्हा. गावाचा मान आहे हा."

"कसला मान? पैसे उसने दिलेत तुम्ही, व्याजासकट परत मिळणार. ह्या अकरा जणांना काय परत मिळालं हो?"

समारंभासाठी बायका केक-सँडविचची ताटं घेऊन आल्या होत्या. त्यातली डल्सी ओरडली, "खरंय तिचं! लाव म्हणावं ती पाटी स्वतःच्या दुकानावर!"

हॅडो लालबुंद झाला. "नाव तुम्हीच घालू देत नाही. मग जागा काय कोंबड्यांसाठी ठेवायची? आज नाव घाला, नाहीतर पाटी बसते. ठराव झालाय."

मेल्याने नेमकं वर्मावर बोट ठेवलं. नाव घातलं तर माझ्या हाताने पोराला मेला म्हणायचं. नाही घातलं तर त्याच्या जागी ह्यांच्या पैशाचं कौतुक झळकणार. मी विल्फकडे वळले.

"विल्फ, छिन्नी काढ."

"काय कोरू, बाई?"

"लेस्ली ऑर्विल ट्रेवेना. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाटीला बोटभरही जागा उरता कामा नये."

पहिला घाव बसला. डल्सीने माझा दंड घट्ट धरला. हॅडो पाटी काखेत मारून निघाला.

"हॅडोसाहेब, थांबा," मी म्हटलं. "टोपी काढा. माझा मुलगा गेलाय."